राग रक्तातच आहे का? घरात पडणारा हा प्रश्न कसा तपासावा

मी जनुकीय समुपदेशक म्हणून काम करते. माझ्याकडे येणारी बहुतेक कुटुंबं रक्ताचे आजार, स्नायूंचे आजार, वारंवार होणारे गर्भपात अशा कारणांनी येतात. पण बोलणं संपून फाइल मिटली की आई उठता उठता विचारते, "मॅडम, अजून एक विचारू? ह्याचा राग अगदी आजोबांवर गेलाय. तेही असेच हात उगारायचे. हे जीन्समधूनच येतं ना?" मुलगा शेजारीच बसलेला असतो आणि सगळं ऐकत असतो.

आक्रमकपणात जनुकांचा वाटा आहे, हे खरं. पण तो किती, कोणत्या वाटेने येतो आणि कुठल्या परिस्थितीत वर येतो, हे कळल्याशिवाय त्या "हो"चा घरी काहीच उपयोग नाही. उलट "खाण तशी माती" म्हणून सगळे मोकळे होतात आणि करण्यासारखं असतं तेही राहून जातं. म्हणून कुटुंबासोबत बसून मी हा प्रश्न ज्या क्रमाने उलगडते, तोच क्रम इथे देते आहे. कागद-पेन घेऊन घरी करता येईल असं यात बरंच आहे.

त्याआधी एक गोष्ट. घरात आत्ता कुणी मार खात असेल, तर हे सगळं बाजूला ठेवा. आधी त्या माणसाला सुरक्षित जागी न्या, मदत मागा. जनुकांचा प्रश्न सहा महिन्यांनीही विचारता येतो.

नेमकं काय घडतं ते लिहा

"रागीट आहे", "नाकावर राग आहे", "जमदग्नीचा अवतार आहे" या वर्णनांतून मला काहीच कळत नाही. मी पालकांना दोन-तीन आठवडे नोंदी ठेवायला सांगते. नोंद अशी हवी: "संध्याकाळी सात. बहिणीने त्याची वही उचलली. त्याने तिला ढकललं, ती पडली. तिच्या ओठातून रक्त आलं तसा तो घाबरला आणि रडायला लागला. दुपारी जेवला नव्हता." किंवा अशी: "तीन दिवस काही बोलला नाही. चौथ्या दिवशी त्या मुलाला गाठून त्याची सायकल मोडली." दोन्ही आक्रमक वर्तनच, पण पहिलं भडका उडून झालेलं आणि दुसरं ठरवून केलेलं. संशोधनात या दोन्हींचा वेगवेगळा विचार होतो, कारण त्यांच्यामागची मेंदूतली यंत्रणा पूर्णपणे एक नाही. घरी करायचे उपायही वेगळे असतात.

वय जरूर लिहा. रिचर्ड ट्रेंब्ले या कॅनडातल्या संशोधकांनी मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून दाखवलं, की मारणं, चावणं, ढकलणं यांचं प्रमाण दोन ते चार वर्षांच्या वयात सर्वांत जास्त असतं आणि पुढे बहुतेक मुलांमध्ये ते उतरत जातं. म्हणजे मारायला कुणी शिकवावं लागत नाही, थांबायला शिकवावं लागतं. अडीच वर्षांचं मूल चावतं म्हणून त्यात पणजोबांना शोधू नका.

वंशवृक्ष काढा, दोन्ही बाजूंचा

पुरुषाला चौकोन, बाईला गोल. तीन पिढ्या. मधोमध तुमचं मूल, वर आईवडील, त्यांची भावंडं, त्यांच्या वर दोन्हीकडचे आजी-आजोबा. ज्यांच्याबद्दल मारहाणीचे प्रत्यक्ष प्रसंग माहीत आहेत, तेवढेच चौकोन किंवा गोल भरा. नुसत्या ऐकीव स्वभावावरून भरू नका.

मग प्रत्येक भरलेल्या माणसासमोर लिहा: दारू होती का? लहानपणी स्वतः मार खाल्ला होता का? डोक्याला कधी जबर इजा? फिट्स? शाळेत शिकायला फार जड गेलं का? आणि त्याला वाढवलं कुणी? हा शेवटचा प्रश्न लोक हमखास विसरतात. माणसाला वडिलांकडून जनुकं मिळतात, तसा वडिलांचा हातही बघायला मिळतो. एकाच घरात वाढलेल्यांमध्ये या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. वंशवृक्षावर तीन पिढ्या सलग काळे चौकोन दिसले, तरी त्यावरून जनुकच सिद्ध होत नाही.

आता आईची बाजू. "सासरकडचा राग" सांगणारी आई स्वतःच्या माहेरची माहिती बहुधा दोन वाक्यांत संपवते. पण आक्रमकतेच्या संदर्भात सर्वांत गाजलेलं जनुक, एमएओए, एक्स गुणसूत्रावर आहे. मुलग्याला वडिलांकडून वाय मिळतं आणि एक्स फक्त आईकडून. वडिलांचं एमएओए मुलग्याकडे येऊच शकत नाही. "बापाचा राग पोरात उतरला" हे खरं असलं तरी या जनुकाच्या वाटेने ते घडलेलं नाही, एवढं कुठलीही तपासणी न करता सांगता येतं.

हे जनुक प्रकाशात आलं तेच मुळी एका वंशवृक्षामुळे. नेदरलँड्समधल्या एका कुटुंबातले काही पुरुष क्षुल्लक कारणावरून हिंसक व्हायचे. जाळपोळ, बलात्काराचा प्रयत्न असे प्रकार घडले होते. सगळ्यांची बौद्धिक क्षमता थोडी कमी होती. त्याच घरातल्या एका शिक्षकाने १९६२ साली स्वतः हिंडून माहिती गोळा केली, असे नऊ पुरुष कागदावर मांडले, आणि हे बायकांमार्फत पुढे जातंय अशी शंका नोंदवून ठेवली. १९७८ मध्ये घरातली एक स्त्री नायमेखेनच्या रुग्णालयात पोहोचली. तिला एवढंच हवं होतं, की आपल्या मुलांना हे होईल का ते कुणीतरी सांगावं. हान ब्रुनर आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं काम करून १९९३ मध्ये उत्तर प्रसिद्ध केलं: एमएओए जनुकात एका अक्षराचा बदल, त्यामुळे त्यापासून बनणारं विकर (एन्झाइम) अर्धवट बनून निकामी. हे विकर मेंदूतले सिरोटोनिन, नॉरअॅड्रिनलिन, डोपामिन हे संदेशवाहक मोडून टाकण्याचं काम करतं. ते नसल्यामुळे या पुरुषांमध्ये संदेशवाहकांचा तोल बिघडलेला होता.

त्या शिक्षकाच्या हाती कुठलीच प्रयोगशाळा नव्हती. नीट विचारपूस आणि कागद एवढ्यावर त्याने एक्सशी निगडित आनुवंशिकतेचा माग काढला. वंशवृक्ष मनापासून काढा, असं मी आग्रहाने सांगते ते याच्यामुळे.

पण लक्षात घ्या, हा आजार अत्यंत दुर्मीळ आहे. जगभरात मोजकीच कुटुंबं सापडली आहेत. आणि त्या डच कुटुंबातही सगळे बाधित पुरुष सारखेच हिंसक नव्हते, तेच पुरुष सदासर्वकाळ हिंसकही नव्हते. ब्रुनर यांनी स्वतःच "आक्रमकतेचं जनुक" या कल्पनेला विरोध केला.

बातमी वाचताना

"योद्धा जनुक" अशा मथळ्याची बातमी बहुधा निकामी एमएओएबद्दल नसते. ती याच जनुकाच्या एका सर्वसामान्य प्रकाराबद्दल असते. जनुकाच्या सुरुवातीच्या भागात ३० अक्षरांचा एक तुकडा पुन्हापुन्हा येतो. काहींमध्ये तीनदा, काहींमध्ये चारदा. तीनदा आला तर विकर कमी बनतं. हा कमी सक्रिय प्रकार युरोपीय वंशाच्या सुमारे एकतृतीयांश पुरुषांमध्ये आढळतो. एवढ्या लोकांमध्ये असलेली गोष्ट मारामारीचं कारण असती तर समाज चाललाच नसता. बातमी वाचताना पहिला प्रश्न हाच विचारा: हा प्रकार किती निरुपद्रवी माणसांमध्येही आहे?

दुसरा प्रश्न: कोणत्या परिस्थितीत? न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरात १९७२–७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा आयुष्यभर पाठपुरावा चालू आहे. अॅव्हशलोम कास्पी, टेरी मॉफिट आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये त्यातल्या ४४२ पुरुषांची माहिती मांडली. कमी सक्रिय प्रकार आणि लहानपणी झालेला छळ, या दोन्ही गोष्टी असलेले पुरुष गटात १२ टक्के होते, पण हिंसक गुन्ह्यांबद्दल झालेल्या शिक्षांपैकी ४४ टक्के त्यांच्या नावावर होत्या. बातमीदार इथे थांबतात. तुम्ही थांबू नका. तोच कमी सक्रिय प्रकार असलेल्या, पण छळ न झालेल्या मुलांचं काय झालं ते शोधा. ती बाकीच्यांपेक्षा जास्त आक्रमक निघाली नाहीत. नुसत्या जनुकाचा स्वतंत्र परिणाम दिसलाच नाही. माझ्या मते त्या शोधनिबंधातली सर्वांत मोलाची ओळ ही आहे, आणि नेमकी हीच घराघरांत पोहोचली नाही. पुढच्या अभ्यासांपैकी काहींत हा संबंध पुन्हा दिसला, काहींत नाही. २०१४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा पुरुषांच्या बाबतीत तो टिकला. स्त्रियांचं चित्र अजून धूसर आहे, कारण त्यांच्याकडे एक्सच्या दोन प्रती असतात.

तिसरा प्रश्न: बातमी कुणाबद्दल बोलते? १९९५ मध्ये एमएओए नसलेले उंदीर तयार झाले आणि त्यातले नर जास्त भांडखोर होते. ते उंदरांबद्दल खरं आहे. २००६ मध्ये न्यूझीलंडमधल्या माओरी समाजात हा प्रकार जास्त आढळतो म्हणून त्यांच्या गुन्हेगारीचं खापर जनुकावर फोडणाऱ्या बातम्या आल्या आणि त्यावर मोठा वाद झाला. वाद व्हायलाच हवा होता. एखाद्या प्रकाराचं समाजातलं प्रमाण वेगळं आणि त्या समाजातल्या हिंसेचं कारण वेगळं. मधला पूल कुणी बांधलेला नसताना अख्ख्या समाजावर शिक्का मारणं हा अन्याय आहे, आणि शास्त्राच्या नावाने केला तर जास्तच मोठा.

चौथा प्रश्न: एकच जनुक तपासलं की सगळी? आता अख्खा जनुकसंच चाळता येतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय विश्लेषणात ८७,४८५ मुलांच्या आक्रमक वर्तनाची माहिती होती. सर्वांची माहिती एकत्र केल्यावर ठरलेल्या कडक निकषाला उतरणारा एकही सुटा बदल सापडला नाही. तपासलेल्या सगळ्या सामान्य बदलांनी मिळून मुलामुलांमधल्या फरकाचा सुमारे ३.३ टक्के भाग उलगडला. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून येणारा आकडा यापेक्षा कितीतरी मोठा आहे. दोन्ही वाचा, म्हणजे जनुकांचा वाटा असंख्य बारीक धाग्यांत विखुरलेला असणार हे लक्षात येईल. एक दोरा ओढून बघण्यासारखी ही गोष्ट नाही.

"पन्नास टक्के आनुवंशिक" कसं वाचायचं

एकसारखी जुळी आणि साधी जुळी यांची तुलना करून हा आकडा काढतात. आक्रमकतेसाठी तो साधारण निम्म्याच्या आसपास येतो. त्याचा अर्थ "तुझा निम्मा राग जनुकांचा" असा नाही. तो एका गटातल्या माणसामाणसांमधल्या फरकाबद्दल आहे, एका माणसाबद्दल नाही. गटातल्या सगळ्या मुलांना सारखंच शांत घर मिळालं तर परिस्थितीमुळे पडणारा फरक उरणार नाही आणि तोच टक्का वाढलेला दिसेल, जनुकं होती तशीच असताना.

शिवाय जनुकांची वाट कधीकधी घरातूनच जाते. जन्मतः चिडकं असलेलं मूल पालकांचा संयम लवकर संपवतं. पालक ओरडतात, एखादी चापट बसते, मूल आणखी बिथरतं. दत्तक मुलांवरच्या अभ्यासांत हे दिसलं आहे: जन्मदात्या पालकांमध्ये समाजविघातक वर्तन असलं, तर दत्तक घेणारे पालकही त्या मुलाशी जास्त कडक वागतात. ही साखळी कुठेही तोडता येते, आणि ती तोडण्याचं काम मोठ्यांचं आहे.

दत्तकांवरचाच एक मोठा अभ्यास मी पालकांना आवर्जून सांगते. डेन्मार्कमधल्या १४,४२७ दत्तक नोंदींचा सारनॉफ मेडनिक आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये अभ्यास केला. जन्मदात्या आणि दत्तक पालकांपैकी कुणीच गुन्हेगार नसेल तर मुलग्यांपैकी १३.५ टक्के शिक्षा झालेले निघाले. फक्त दत्तक पालक गुन्हेगार असतील तर १४.७, फक्त जन्मदाते असतील तर २०, दोन्हीकडे असेल तर २४.५. म्हणजे जन्मदात्यांचा काही वारसा दिसतो. पण हा संबंध चोरी-फसवणुकीसारख्या मालमत्तेच्या गुन्ह्यांत होता. हिंसक गुन्ह्यांत तो दिसला नाही. आणि जन्मदाते गुन्हेगार असलेल्या मुलांपैकीही दर पाचांतल्या चौघांना शिक्षा झाली नाही.

अहवालात ४७, एक्सवायवाय आलं तर

मूल उशिरा बोलतंय म्हणून गुणसूत्रांची तपासणी होते आणि एक जादा वाय सापडतं, म्हणजे ४६ऐवजी ४७ गुणसूत्रं. सुमारे हजार मुलग्यांमागे एकात ते असतं. पालक रात्री नेटवर शोधतात आणि सकाळी पांढरेफटक पडून येतात, कारण जुना मजकूर अजून फिरतो आहे. १९६५ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका कडक बंदोबस्ताच्या मनोरुग्णालयात असे पुरुष अपेक्षेपेक्षा जास्त आढळले आणि "गुन्हेगार गुणसूत्र" ही कल्पना जगभर पसरली. १९६६ मध्ये शिकागोत आठ नर्सिंग विद्यार्थिनींचा खून करणारा माणूसही एक्सवायवाय असल्याचं छापून आलं. प्रत्यक्षात त्याची गुणसूत्रं नेहमीसारखी निघाली, पण तोवर पाठ्यपुस्तकांतही चूक शिरली होती. १९७६ मध्ये कोपनहेगनच्या अभ्यासात ४,१३९ उंच पुरुष तपासले, कारण एक्सवायवाय पुरुष बहुधा उंच असतात. त्यात १२ एक्सवायवाय निघाले. त्यांच्यात किरकोळ गुन्ह्यांचं प्रमाण जास्त होतं, हिंसेचं जास्त असल्याचा पुरावा मिळाला नाही.

तेव्हा असा अहवाल आला तर भाषोपचार, अभ्यासातली मदत, लक्ष टिकतं का याकडे बघणं, एवढं करा. शाळेला आणि नातेवाइकांना काय आणि किती सांगायचं ते विचार करून ठरवा. एकदा सांगितलेलं परत घेता येत नाही.

तपासणी कधी करायची

थुंकीचा नमुना पाठवून मिळणाऱ्या "स्वभावाच्या" अहवालांवर पैसे खर्च करू नका. त्यावर एमएओएचा तुकडा तीनदा की चारदा एवढा आकडा येईल, आणि त्यावरून उद्यापासून काय वेगळं करायचं हे कुणीही सांगू शकणार नाही.

डॉक्टरांकडे मात्र जरूर जा, जर भडक्यासोबत वाढीचे टप्पे उशिरा आले असतील, शिकायला फारच जड जात असेल, किंवा आईच्या बाजूच्या पुरुषांमध्ये बौद्धिक अडचणी दिसत असतील. अशा वेळी फ्रॅजाइल एक्ससारखे (एक्स गुणसूत्रातल्या बदलामुळे बौद्धिक अडचणी येणारे) आजार आधी तपासले जातात. शांत माणूस अचानक संतापी झाला असेल तर जनुकांच्या मागे लागू नका. डोक्याला मार, फिट्स, थायरॉइड, नवीन औषध, झोप, व्यसन, नैराश्य हे आधी बघायचं. पन्नाशीत बदललेल्या स्वभावाला "शेवटी वडिलांवर गेले" म्हणून सोडून दिलं, तर उपचार करता येण्यासारखा आजार हातचा जातो.

घरी काय करायचं

मुलासमोर "आजोबांसारखा" हे बोलणं बंद करा. तो ते ऐकतो आणि स्वतःबद्दलची माहिती म्हणून साठवतो.

मारून राग घालवता येत नाही. शारीरिक शिक्षेसोबत मुलांची आक्रमकता वाढलेलीच आढळते, आणि डनेडिनचा अभ्यास आठवला तर ज्या मुलात जन्मजात कल असेल त्याच्याच बाबतीत मार सर्वांत महाग पडू शकतो. पालकांना प्रशिक्षण देणारे कार्यक्रम उपयोगी ठरतात. त्यांत शिकवतात ते साधं असतं: चांगलं वागला की त्याच क्षणी, नेमकं काय आवडलं ते सांगणं, नियम मोजके आणि रोज तेच, आणि आवाज चढायच्या आधी खोलीबाहेर जाणं.

घरात भडक्याचा इतिहास असेल तर वयात येणाऱ्या मुलाशी दारूबद्दल स्पष्ट बोला. फिनलंडमधल्या लोकांत सिरोटोनिनशी संबंधित एचटीआर२बी या जनुकाचं एक निकामी रूप आढळतं, असं २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. ते असलेल्या हिंसक गुन्हेगारांपैकी बहुतेकांनी गुन्हा दारूच्या अमलाखाली केला होता. ते रूप असलेले एक लाखाहून जास्त लोक मात्र तिथे नेहमीसारखं आयुष्य जगतात. जनुक बदलता येत नाही, ग्लास बाजूला ठेवता येतो.

मोठा माणूसच "आमच्या रक्तातच आहे" म्हणून बायकोवर हात टाकत असेल, तर त्याला एक प्रश्न विचारा: साहेब ओरडले तेव्हा हात उठला होता का? ऑफिसात जातानाही जनुकं तीच असतात. तिथे आवरता येतं ते घरीही आवरता येतं, आणि ते शिकवणारे समुपदेशक असतात.

समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे येताना नोंदींची वही, दोन्ही बाजूंचा वंशवृक्ष, शाळेची प्रगतिपत्रकं आणि चालू औषधांची यादी आणा. आधी आई-वडील दोघंच या. मुलासमोर काय बोलायचं ते ठरवू, मग त्याला बोलवू.